बेड परत आला पाहिजे : कॉलनीच्या मंडळाने रुग्णसाहित्य केंद्र कसं चालवावं

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा भागांत बऱ्याच मराठी घरांमध्ये आता सत्तरीपुढची दोघंच राहतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून लांब. आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, की दोन-तीन महिन्यांसाठी वॉकर लागतो, कमोड खुर्ची लागते, कधी पाठ वर करता येणारा फाउलर बेडही लागतो. दवा बाजारात हे सगळं मिळतं. पण तीन महिन्यांच्या गरजेसाठी वीस-पंचवीस हजार घालायचे आणि नंतर ते सामान गच्चीवर गंजत ठेवायचं, हे कुणालाच पटत नाही. म्हणून गणेशोत्सव करणारं किंवा वाचनालय चालवणारं एखादं मंडळ पुढे येतं आणि रुग्णसाहित्य केंद्र काढतं.

काढणं सोपं असतं. अशी केंद्रं अडतात ती वर्ष-दोन वर्षांनी, आणि कारण बहुतेक वेळा पैसा नसतो. दिलेलं सामान परत येत नाही, आलेलं धुतलं जात नाही, धुतलेलं दुरुस्त होत नाही. कपाटात सहा वॉकर दिसतात, पण चालू दोनच. त्यामुळे इथे देण्याइतकंच, किंबहुना जास्तच, परत घेण्याबद्दल लिहिलं आहे.

जागा आणि पहिली खरेदी

दहा बाय बाराची खोली पुरते, पण ती तळमजल्यावर हवी आणि दाराशी लोडिंग रिक्षा उभी राहिली पाहिजे. ओल असलेली खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बेडचे स्क्रू आणि व्हीलचेअरचे बेअरिंग तिथेच गंजतात. खोलीला पाण्याचा नळ आणि धुवायला थोडं अंगण असेल तर निम्मं काम सोपं होतं.

सुरुवातीला पाच वॉकर, चार काठ्या, तीन व्हीलचेअर, तीन कमोड खुर्च्या, तीन हवेच्या गाद्या आणि दोनच फाउलर बेड घ्या. साधारण दर्जाचा माल घेतला तर हे लाखाच्या आत बसतं. बेड जास्त घ्यायचा मोह होतो, कारण देणगीदाराला आपलं नाव बेडवर हवं असतं, वॉकरवर नको असतं. पण मागणी सगळ्यात जास्त वॉकर आणि कमोड खुर्चीला असते, आणि एक बेड खोलीतली चार व्हीलचेअरची जागा अडवतो. सहा महिने नोंदी ठेवा, कशासाठी किती जणांना नाही म्हणावं लागलं ते लिहा, आणि पुढची खरेदी त्या यादीवरून करा.

व्हीलचेअर घेताना तिन्ही एकाच मापाच्या घेऊ नका. दोन 18 इंच बैठकीच्या आणि एक 16 इंचाची असू द्या. किरकोळ अंगाच्या आजींना 18 इंची खुर्चीत बसवलं तर त्या एका बाजूला कलतात आणि दिवसभर तशाच बसून पाठ धरते. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच जागा राहिली की माप बरोबर.

बेडपॅन, युरिन पॉट, नेब्युलायझरचा मास्क, ऑक्सिजनची नळी या वस्तू वापरायला देऊन परत घ्यायच्याच नाहीत. त्या स्वस्त असतात. पाच-पाच नग आणून ठेवा आणि खरेदीच्या भावात विका.

प्रत्येक वस्तूला नंबर

मार्कर पेनने लिहिलेला नंबर दोन धुण्यांत जातो. ऑइल पेंटने लिहा किंवा पत्र्याची छोटी पट्टी रिव्हेटने ठोकून घ्या: बेड-2, व्हीलचेअर-3, वॉकर-5. नंबरखाली मंडळाचा फोन नंबर असावा, म्हणजे वस्तू तिसऱ्याच घरी पोचली तरी ती कुणाची ते कळतं.

बेडच्या नोंदीत सुटे भाग वेगळे लिहा: डोक्याची फळी, पायाची फळी, बाजूचे कठडे दोन, हँडल दोन, गादी एक, सलाइनचा दांडा एक. सगळ्यात जास्त हरवतो तो सलाइनचा दांडा. घरी पोचल्यावर तो दाराआड उभा राहतो आणि परत येताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

फोन आल्यावर काय विचारायचं

फोन मंडळाचा असावा, कार्यकर्त्याचा खासगी नको. दर आठवड्याला तो एकेकाकडे फिरता ठेवा. वेळ ठरलेली हवी, पण एक गोष्ट गृहीत धरा: दवाखान्यातून सुट्टी मिळण्याचा निरोप सकाळी येतो आणि विम्याची मंजुरी येऊन प्रत्यक्ष घरी निघेपर्यंत संध्याकाळचे सात वाजतात. त्यामुळे किल्ली खोलीपासून चालत पोचता येईल अशा दोन घरी ठेवा.

फोनवर या गोष्टी विचारून लिहून घ्या: रुग्णाचं अंदाजे वजन आणि उंची, डॉक्टरांनी नेमकं काय वापरायला सांगितलंय, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, बाथरूमचं दार किती रुंद, रात्री जवळ कोण असतं, आणि इंदुरातच राहणारा जबाबदार माणूस कोण. शेवटचा प्रश्न टाळू नका. पुण्याहून मुलगा फोन करतो, पैसेही लगेच पाठवतो, पण बेड परत न्यायची वेळ आली की दार उघडायला इथे कुणी नसतं. फॉर्मवर सही इंदुरातल्या माणसाचीच घ्या.

दाराच्या रुंदीचं कारण साधं आहे. 18 इंच बैठकीची व्हीलचेअर चाकांसकट 25-26 इंच रुंद होते, आणि जुन्या घरांतल्या बाथरूमचं दार बऱ्याचदा 24 इंचांचं असतं. खुर्ची घरी नेल्यावर हे कळलं तर फेरी वाया जाते. अशा घरी व्हीलचेअर खोलीपुरती आणि आत जायला चाकांची अरुंद कमोड खुर्ची द्या. मोजपट्टी नसेल तर घरच्यांना सांगा, रोजचं वर्तमानपत्र दारात आडवं धरून फोटो पाठवा. अंदाज येतो.

वजन विचारताना लोक संकोचतात, तरी विचारा. साध्या व्हीलचेअरची मर्यादा बहुधा 100 किलो असते, कमोड खुर्चीची कधी त्याहून कमी. लेबल वाचा आणि नोंदवहीत लिहून ठेवा, कारण लेबल धुण्यात निघून जातं.

डॉक्टरांची चिठ्ठी वॉकर आणि काठीसाठी मागू नका. ऑक्सिजनच्या मशीनसाठी मात्र चिठ्ठीशिवाय देऊच नका, त्याबद्दल खाली.

हातात देताना

वस्तू देऊन टाकणं आणि वापरायला शिकवणं यात पंधरा मिनिटांचा फरक आहे. पंधरा मिनिटं द्या. आपण करून दाखवलं एवढ्यावर थांबू नका, घरच्यांना तेच आपल्यासमोर करायला लावा.

वॉकर. रुग्ण सरळ उभा राहून हात सैल सोडतो, तेव्हा मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे. मूठ खाली असली की माणूस कमरेत वाकून चालतो, वर असली की खांदे उचलून. पायाला एकेक इंचावर भोकं असतात आणि स्प्रिंगचं बटण त्यात बसतं. चारही पाय एकाच भोकात आहेत का हे मोजा आणि बटण पूर्ण बाहेर आलंय का हे बोटाने चाचपा. अर्धवट बसलेलं बटण दिसायला ठीक दिसतं आणि वजन पडताच आत सरकतं. रबरी बुटाची तळाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर तो बूट बदलूनच द्या. कोटा फरशीवर, त्यातही ओल्या, तोच बूट घसरतो.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. दहातले नऊ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि घरचे म्हणतात, "त्याच बाजूला आधार हवा ना!" चालताना दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे जातात, भार दोघांत वाटला जातो, हे एकदा चालून दाखवलं की पटतं. काखेतल्या कुबड्या द्यायच्या असतील तर काख आणि कुबडीचं टोक यांत दोन-तीन बोटं जागा ठेवा. भार तळहातावर पडला पाहिजे. काखेवर पडला तर नस दाबली जाते आणि हाताला मुंग्या येतात.

व्हीलचेअर. सगळ्यात जास्त पडणं होतं ते उठताना. रुग्ण पायाच्या पट्टीवर उभा राहतो आणि खुर्ची पुढे उलटते. क्रम असा घोकून घ्या: आधी दोन्ही ब्रेक, मग पायाच्या पट्ट्या वर, मग पाय जमिनीवर, मग उठणं. उतरणीवरून आणि पायरीवरून खाली येताना खुर्ची उलटी, म्हणजे ढकलणारा पुढे आणि रुग्णाची पाठ उताराकडे, अशी घ्यायची.

हवेच्या टायरची खुर्ची असेल तर ब्रेक आणि हवा यांचं नातं समजावून सांगा. ब्रेकचा दांडा टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली की टायर आत जातो, दांडा नुसता टेकतो आणि ब्रेक लावलेला असूनही चाक फिरतं. "ब्रेक खराब आहे" म्हणून आलेल्या खुर्चीत बहुतेक वेळा फक्त हवा नसते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे महिन्यातून एकदा हवा भरली की काम होतं.

फाउलर बेड. साधारण साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पन्नास-साठ किलोचा. लोडिंग रिक्षात उभा जातो, पण फळ्या आणि कठडे काढूनच. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने न्यायला चार माणसं लागतात. तीन पुरत नाहीत, वळणावर अडतं. रामबागेतल्या जुन्या इमारतींचे जिने अरुंद आहेत, तिथे आधी रिकाम्या हाताने जाऊन वळण मोजून या.

बेड लावल्यावर चार चाकांपैकी तिरकस समोरासमोरची निदान दोन लॉक करा आणि गादी बसवा. हँडल दाखवा: एकाने पाठ उठते, दुसऱ्याने गुडघे. नियम हा की आधी गुडघ्याकडचं हँडल थोडं फिरवायचं, मग पाठीचं. उलटं केलं तर रुग्ण खाली घसरत जातो, कातडी चादरीवर ओढली जाते आणि माकडहाडापाशी जखम व्हायला सुरुवात होते. हँडल घट्ट लागलं की थांबायचं. जोर करून आणखी फिरवलं तर आतल्या स्क्रूचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती महाग पडते. काम झालं की हँडल आत दुमडायचं, नाहीतर रात्री उठणाऱ्याची नडगी फुटते.

हवेची गादी. ही वेगवेगळ्या कप्प्यांत आळीपाळीने हवा भरते, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. ती नेहमीच्या गादीवर अंथरायची, वर एकच पातळ चादर, तीही सैल. प्रेमापोटी वर दुलई आणि रबरशीट घातली की गादीचा उपयोग संपतो. पंप पायाकडच्या फळीला अडकवा आणि नळी दुमडली नाही ना बघा. रुग्ण झोपलेला असताना त्याच्या कमरेखाली, गादी आणि खालचा बेड यांच्या मध्ये हात घाला. हाताला शरीराचं हाड थेट लागलं तर हवा कमी आहे. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, तेव्हा आणि एरवीही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. हे स्पष्ट सांगा, कारण गादी आली म्हणजे कूस बदलायची गरज नाही असं समजून चालणारे खूप असतात, आणि जखमा त्यांच्याच घरी होतात.

शेवटी वस्तूचे दोन फोटो काढा आणि फॉर्मला जोडा. फोटो वस्तूचे काढा. रुग्णाचे, घरच्यांचे किंवा "व्हीलचेअर प्रदान" करतानाचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची पद्धत आहे, ती मंडळाने पहिल्या दिवशीच बंद करावी. माणूस आजारी असताना त्याचा चेहरा कॉलनीभर फिरवायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

अनामत

भाडं घ्यायचं की नाही यावर वाद घालत बसू नका, महिन्याला किरकोळ देखभालखर्च घ्या किंवा घेऊ नका. अनामत मात्र घ्या. वस्तूच्या किमतीच्या पाव ते एक तृतीयांश ठीक असते. त्याहून कमी असली तर "राहू दे, तेवढे पैसे गेले" असं होतं. फार जास्त असली तर गरजू माणूस विचारतच नाही.

पैसे मंडळाच्या खात्यात यूपीआयने घ्या आणि वस्तू तपासून झाल्यावर दोन दिवसांत त्याच खात्यावर परत करा. रोख अनामतीच्या पावत्या हरवतात आणि भांडण कार्यकर्त्यांशी होतं. ज्यांना परवडत नाही त्यांना अनामत माफ करा, फक्त कॉलनीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहून घ्या, आणि हे बाकीच्यांसमोर बोलू नका.

अनामत मंडळाची नाही. ती वेगळ्या खात्यात किंवा निदान वेगळ्या पानावर ठेवा. अनामतीचे पन्नास हजार साठले म्हणून नवा बेड घेतला, आणि एकाच आठवड्यात चार घरांनी सामान परत आणलं, तर देणार कुठून?

आधारची प्रत घ्यायचीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती घ्या. पूर्ण आधारच्या झेरॉक्सचा ढीग मंडळाच्या उघड्या कपाटात असणं धोक्याचं आहे.

परत आणणं

मुदत एक महिना. तो संपायच्या तीन दिवस आधी मंडळाकडून फोन जातो: "काकू, कसे आहेत आता काका? अजून लागेल का?" लागत असेल तर आणखी महिना वाढवा. इतकंच. हा फोन करणारा माणूस ठरलेला हवा आणि त्याच्याकडे तारखांची यादी हवी. घरचे स्वतःहून फोन करतील या भरवशावर राहिलेलं सामान सहा-सहा महिने परत येत नाही. लोक वाईट नसतात. बरं वाटलं की वॉकर दाराआड जातो आणि डोळ्यांआड होतो.

दुसरी गळती नात्यातून होते. बरं झालेल्या घरातून व्हीलचेअर परस्पर मेव्हण्याच्या घरी, तिथून शेजाऱ्यांकडे जाते. चांगल्या मनाने होतं, पण आता खुर्ची कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं, ब्रेक तपासलेला नसतो आणि पडल्यावर नाव मंडळाचं येतं. फॉर्मवर ठळक लिहा: दुसऱ्या कुणाला हवी असेल तर आम्हाला फोन करा, आम्ही त्याच दिवशी त्यांच्या नावावर करून देऊ. आणि खरंच त्याच दिवशी करा.

रुग्ण गेला असेल तर तेरावा होईपर्यंत मंडळाने सामानाचा विषय काढू नये. भेटायला जावं, बेडबद्दल बोलू नये. पण पुष्कळदा घरचेच तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन करतात, कारण रिकामा बेड खोलीत बघवत नाही. तो फोन आला की "सावकाश, घाई नाही" म्हणू नका. त्याच दिवशी दोन माणसं आणि रिक्षा पाठवा, चादर-उशी घरच्यांना विचारून बाजूला ठेवा, बेड उचला आणि मोजणी, अनामत, सही हे सगळं नंतर करा.

त्याच वेळी घरात उरलेली औषधं, इंजेक्शनं, अर्ध्या बाटल्या "कुणाच्या तरी उपयोगी पडतील" म्हणून पुढे केल्या जातात. औषधं घेऊ नका, सीलबंद असली तरीही. ती कशी साठवली होती ते आपल्याला माहीत नसतं आणि औषध देणं आपलं काम नाही. डायपरची न फोडलेली पाकिटं जरूर घ्या, ती लगेच लागतात.

धुणं

परत आलेली वस्तू थेट रांगेत ठेवायची नाही. दारापाशी पिवळ्या रंगाने एक चौकोन आखा, न धुतलेलं सगळं तिथेच.

आधी साबण आणि पाणी, ब्रश घेऊन. मग निर्जंतुक करणं. मळावर नुसतं औषध फिरवलं तर ते मळातच खर्ची पडतं. सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन आणा. त्यावर 5 टक्के लिहिलं असेल तर कमोड खुर्ची किंवा रक्त-शौच लागलेल्या भागासाठी 1 भाग द्रावण आणि 9 भाग पाणी घ्या. साध्या पुसण्यासाठी एक लिटरमध्ये 20 मिलि पुरतं. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करा. पुसायचं विसरलं तर लोखंडाला ठिपक्याठिपक्यांनी गंज धरतो, क्रोमवरही. पातळ केलेलं द्रावण त्या दिवशी वापरून टाका, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. हायपोक्लोराइटमध्ये फरशी घासायचं अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत धुणाऱ्याचा श्वास कोंडतो. हातमोजे घाला, दार उघडं ठेवा.

बेड परत आला की ढेकूण शोधा. गादीच्या शिवणीत, बेडच्या नळ्यांच्या तोंडाशी आणि फळीच्या भेगेत टॉर्च मारा. काळे बारीक ठिपके दिसले तर लोखंडी सांध्यांवर उकळतं पाणी ओता. रेक्झिन फाटून आतल्या फोमपर्यंत गेलं असेल तर गादी टाकून द्या, तिथे हळहळू नका. ढेकणांचा एक बेड पुढच्या चार घरांत तुमचं नाव पोचवतो.

व्हीलचेअरच्या पुढच्या लहान चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. चाक जड फिरतं त्याचं हेच कारण. कात्रीने कापून चिमट्याने ओढून काढा, मगच तेलाचा थेंब. केसांवरच तेल घातलं तर त्याचा चिकट लगदा होतो.

दुरुस्ती

सुट्या भागांचा डबा ठेवा: वॉकर-काठीचे रबरी बूट वीस (पायाच्या नळीचा व्यास मोजून आणा, नजरेने आणलेले बसत नाहीत), मागच्या चाकाच्या ट्यूब चार, ब्रेकचे दोन जोड, लहान चाकं दोन, हवेच्या गादीचे पॅच आणि नळीचे जोड. साध्या व्हीलचेअरचं मागचं चाक बहुधा 24 इंची असतं आणि पंक्चर कुठलाही सायकलवाला काढतो. बेडचे कठडे आणि बिजागऱ्या वेल्डरकडे होतात.

एक दुरुस्ती करू नका. व्हीलचेअर घडी होते ती बैठकीखालच्या फुलीसारख्या दोन नळ्यांवर. त्यातल्या एकीला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून ती पुन्हा देऊ नका. जोडाशेजारी ती परत तुटते, आणि तेव्हा वर माणूस बसलेला असतो. बाकीचे सुटे भाग काढून घ्या आणि सांगाडा भंगारात द्या.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

कोविडच्या 2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक संस्थांकडे ही, हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारी, मशीनं देणगीत आली आणि बरीचशी खोक्यात पडून आहेत. पडून राहिलेलं मशीन धोक्याचं आहे. आतल्या झिओलाइटमध्ये, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या दाण्यांमध्ये, दमटपणा शिरला की ते हवा तर सोडतं, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो, आणि बाहेरून काही कळत नाही. तंत्रज्ञाकडून ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घेतल्याशिवाय असं मशीन देऊ नका. चांगल्या मशीनला ते 90 टक्क्यांच्या पुढे असतं. नंतरही महिन्यातून एकदा ते तासभर चालवा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर आणि दिवसातून किती तास हे लिहिलेलं हवं. श्वास लागतोय म्हणून घरच्यांनी लिटर वाढवायचे नाहीत. फुप्फुसांच्या जुन्या आजारात जास्त ऑक्सिजन अपाय करतो. मशीन भिंतीपासून फूटभर दूर, उभं, आणि देवघर, उदबत्ती, गॅस यांपासून लांब. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदललेलं. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा.

वीज हा मोठा प्रश्न. 5 लिटरचं मशीन चोवीस तास चाललं तर दिवसाला साधारण आठ युनिट खातं, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास. घरगुती बिलातली 150 युनिटपर्यंतची सवलत त्यात जाते. हे देतानाच सांगा, नाहीतर बिल आल्यावर रात्री मशीन बंद ठेवलं जातं. आणि वीज गेल्यावर काय? लहान इन्व्हर्टरवर ते चालत नाही. घरी भरलेला सिलिंडर हवाच. 1500 लिटर ऑक्सिजनचा, ज्याला बी-टाइप म्हणतात तो, मिनिटाला 2 लिटरने सुमारे बारा तास पुरतो. त्याच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका, पेट घेऊ शकतो. ही सगळी व्यवस्था सांभाळायला माणसं नसतील तर मंडळाने ऑक्सिजनच्या फंदात पडू नये. यात कमीपणा काहीच नाही.

गरज कायमची असेल तर

अर्धांगवायू झालेल्या किंवा पाय गमावलेल्या माणसाला व्हीलचेअर दर महिन्याला मुदत वाढवून देत बसणं बरोबर नाही. त्याला स्वतःची, स्वतःच्या मापाची खुर्ची मिळवून द्या. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात. उत्पन्नाची अट आहे आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवावं. ही साधनं कानपूरची एलिम्को ही सरकारी संस्था बनवते. साठीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्या शिबिरांत काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा मिळतो. शिबिराची तारीख कळली की आपल्या नोंदवहीतल्या तशा घरांना फोन करा, कागद तपासा, गाडी करून न्या. एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांना 14567 हा एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा, नंबर फॉर्मवरच छापून द्या.

कागदपत्रं

नोंदणीशिवाय बँक खातं आणि देणगीच्या पावत्या दोन्हींत अडचण येते. मध्य प्रदेशात 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी होते आणि त्यासाठी किमान सात सभासद लागतात. देणगीदाराला आयकरात देणगीवरची, 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर आयकर खात्याची वेगळी मान्यता काढावी लागते, आणि मान्यता असली तरी 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. वस्तू दिली तरी मिळत नाही. "बेड दिला, पावती करा" म्हणणाऱ्याला हे आधीच सांगा. त्याने पैसे मंडळाच्या खात्यात भरले आणि मंडळाने बेड घेतला, तर पावती देता येते.

फलक मराठीत असला तरी फॉर्म हिंदीतही छापा. खुब्याचं हाड जात-भाषा बघून मोडत नाही, आणि कॉलनीत रात्री दहा वाजता बेड उचलायला येणारी चार माणसंही सगळी मराठी नसतात.

दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या सामानाची मोजणी करा. बाहेर असलेल्या प्रत्येक वस्तूच्या घरी फोन, खोलीतल्या प्रत्येक स्क्रूला ग्रीस, बेडच्या नळ्यांवर जिथे रंग उडालाय तिथे प्रायमर. जे नीट होणार नाही ते त्याच दिवशी भंगारवाल्याला द्या आणि नंबर नोंदवहीतून लाल पेनने कापा.